एकच शब्द टाकला, दोन मोबाईलवर वेगळ्याच साड्या. हे ठरवतंय कोण?

वडगावचा_माग:
नमस्कार मंडळी. आमचे बेळगाव वडगावात चार यंत्रमाग आहेत, बाबांच्या वेळेपासून साड्या विणतोय. परवा एक वहिनी लग्नाच्या साड्या बघायला आल्या, मी घडी उलगडून दाखवतोय तोवर त्यांनी मोबाईल पुढं केला, भाऊ हीच ४९९ ला दिसायलीय की म्हणाल्या. बघितलं तर काठ छापलेला, विणलेला नाही, आणि उलटी बाजू एकाही फोटोत नाही. मग मी माझ्या मोबाईलवर त्याच खरेदीच्या अ‍ॅपात त्यांच्यासारखंच 'बेळगाव साडी' टाकलं तर वर बॉबिन, सूत आणि हजाराच्या पुढच्या साड्या! दोन्ही मोबाईल काउंटरवर शेजारी ठेवले, एक ओळ जुळंना. हे कशावर ठरतंय, आणि आमचा माल वर यायला काय करायचं?

खानापूरची_लेक:
दादा, तुम्ही सूत शोधताय म्हणून तुम्हाला सूत, वहिनी स्वस्त साड्यांवर थांबतात म्हणून त्यांना स्वस्त. हे घेणाऱ्यांनी आणि काय घेतलं ते बघून वस्तूला वस्तू जोडायची पद्धत अ‍ॅमेझॉनच्या लोकांनी २००३ च्या एका लेखात मांडली होती. आता त्यात तुम्ही काय शोधलं, कशावर टिचकी मारली हेही धरतात. शिवाय वरच्या काही जागा पैसे देऊन घेतलेल्या असतात, फोटोजवळ बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतंय, वहिनींना ते दाखवा. ज्याच्यावर टिचक्या जास्त तो आणि वर चढतो, म्हणून नवीन विणकर खालीच राहतो, हे मला फार लागतंय.

टिळकवाडी_काका:
माझ्या मिसेसनी 'फक्त २ शिल्लक' बघून घाईघाईत मिक्सर घेतला, चार दिवसांनी बघितलं तर तेच २ शिल्लक. असली खोटी घाई लावणं चालत नाही बरं का, ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं अशा १३ फसव्या पद्धतींची यादीच काढलीय. न विचारता टोपलीत जास्तीची वस्तू टाकणं पण त्यात आहे. तक्रारीला १९१५ लावा. आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे, अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या साईटनं माल वर-खाली कशावरून लावतात ते सांगायचं. कुठंतरी खाली लिहिलेलं असतंय, शोधून वाचा.

निपाणीकर_८४:
व्हिडिओचं पण तेच की, यूट्यूबनं २०१२ पासून किती जणांनी उघडला यापेक्षा किती वेळ बघितला याला जास्त मान दिला. आमच्या घरी आईला कन्नड मालिका, मला मराठी भजनं, एकाच वायफायवर. तेव्हा दादा, माग चालतोय त्याचा व्हिडिओ करा, आवाजासकट, लोक थांबून बघतील.

वडगावचा_माग:
सगळ्यांचे आभार. काल रात्री पोरीनं व्हिडिओ केला, धोटा इकडून तिकडं जातोय आणि शेवटी काठाची उलटी बाजू, तिथले दोरे बोटानं उचलून दाखवले. छापलेल्या काठाला असे दोरे नसतात, एवढं बघितलं तरी माणसाला कळतं. वहिनींना तोच पाठवला, त्या रविवारी सासूबाईंना घेऊन येतायत. काका, ती वर-खालीची माहिती मी वाचली, मालाची विक्री आणि रेटिंग लिहिलंय, पण जाहिरातीचे पैसे किती मोजतात ते त्यात दिसलं नाही. कुणाला सापडलं तर इथं टाका.