लिलिपॉण्डमध्ये पेडल सोडल्याची चांदणी छापली जात नाही

प्रश्न (सदाशिव पेठ, पुणे)

नमस्कार. मी घरी पियानो शिकवते आणि विद्यार्थ्यांसाठी भूप रागावर बसवलेली एक छोटी रचना लिलिपॉण्ड २.२४ या स्वरलिपी छापण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहीत आहे. भूपात लागोपाठच्या स्वरांत कोठेही अर्धस्वराचे अंतर नसल्यामुळे पेडल (स्वर लांबवणारी पायपट्टी) थोडे लांबले तरी कानाला खटकत नाही; पण डाव्या हाताचा खर्ज बदलला की ते सोडलेच पाहिजे, आणि नेमकी तीच खूण उमटत नाही. उजव्या हाताचा पहिला स्वर येतो तेथे मी ‘सस्टेनऑन’ (पेडल दाबा) लिहिले आहे आणि डाव्या हाताचा खर्ज बदलतो तेथे ‘सस्टेनऑफ’ (पेडल सोडा). ‘पेड’ ही दाबल्याची खूण दोन स्टाफच्या (प्रत्येक हाताच्या पाच रेघांच्या) मधोमध येते, चांदणी मात्र कोठेच दिसत नाही. फॉण्टचा दोष समजून मी सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल केले, तरी फरक पडला नाही.

उत्तर १

फॉण्टचा दोष नाही. प्रत्येक स्टाफ पेडलची नोंद स्वतंत्रपणे ठेवतो. डाव्या हाताच्या स्टाफमध्ये पेडल दाबल्याची नोंदच नसल्यामुळे तेथील ‘ऑफ’ला जोडी मिळत नाही आणि चांदणी गाळली जाते. लॉग (सॉफ्टवेअरच्या संदेशांची नोंद) उघडून पाहा, पेडलची सुरुवात सापडत नसल्याचा इशारा तेथे ओळ क्रमांकासह असेल. दोन्ही आज्ञा डाव्या हातात लिहिल्या की खुणा खालच्या स्टाफखाली येतील.

उत्तर २

वरील निदान अचूक आहे; तरीही पेडल स्वरांत न मिसळता ‘पियानोस्टाफ’च्या (दोन्ही स्टाफ जोडणाऱ्या गटाच्या) आत, खालच्या स्टाफनंतर, स्वतंत्र ‘डायनॅमिक्स’ संदर्भात (स्वरांविना फक्त खुणांच्या ओळीत) लिहावे, असे मी आग्रहाने सुचवेन, कारण पुढे स्वर बदलले तरी पेडलला हात लावावा लागत नाही. तेथे स्वरांऐवजी ‘एस’ हे अदृश्य विराम वापरतात: तीन मात्रांच्या मापात ‘एस२’ला (दोन मात्रा) ‘सस्टेनऑन’ आणि ‘एस४’ला (एक मात्रा) ‘सस्टेनऑफ’ जोडले की चांदणी तिसऱ्या मात्रेवर येते.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. इशारा खरोखरच लॉगमध्ये होता. स्वतंत्र संदर्भ केल्यावर चांदण्या व्यवस्थित उमटल्या. खर्ज बदलताक्षणी पेडल सोडून लगेच पुन्हा दाबायचे असेल, तर ते कसे लिहावे?

उत्तर २

त्याच विरामाला ‘सस्टेनऑफ’ आणि ‘सस्टेनऑन’ लागोपाठ जोडावे; चांदणी आणि ‘पेड’ शेजारी-शेजारी छापले जातात. मापामापाला पेडल बदलत असेल तर ही गर्दी मुलांना वाचवत नाही, म्हणून ‘पेडलसस्टेनस्टाइल’ या खुणांचे रूप ठरवणाऱ्या गुणधर्माला ‘मिक्स्ड’ ही किंमत द्यावी: सुरुवातीला ‘पेड’, पुढे आडवी रेघ आणि बदलाच्या जागी वर टोक असलेली खाच दिसते. आपले पेडल आता वेगळ्या संदर्भात असल्यामुळे ही किंमत देणारी ‘सेट’ आज्ञा लिहिताना ‘स्टाफ’च्या जागी ‘डायनॅमिक्स’ हे नाव घालावे.