पद्मिनी घेऊ की वॅगनआर? पहिलीच गाडी आहे आणि रोज चाकणला जायचंय

कृष्णाकाठ

नमस्कार सगळ्यांना. मी २३ वर्षांची, मूळची कराडची, सध्या निगडीला राहते आणि चाकण एमआयडीसीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. लायसन्स काढून दीड वर्ष झालं, गावाकडे बाबांची गाडी चालवते त्यामुळे हात बऱ्यापैकी बसलाय, पण स्वतःची गाडी अजून नाही. दोन वर्षं साठवून सव्वातीन लाख जमलेत आणि लोन काढायचं नाही हे पक्कं आहे. कंपनीची बस आहे पण सेकंड शिफ्ट रात्री बाराला सुटली की ती मोशीपर्यंतच सोडते, पुढे रिक्षा मिळेपर्यंत रस्त्यावर उभं राहायचं, ते आता नको झालंय.

तर इस्लामपूरला बाबांच्या ओळखीचे एक रिटायर्ड डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे १९८७ ची प्रीमियर पद्मिनी आहे, पहिल्यापासून त्यांच्याच नावावर. सायीसारखा रंग, स्टिअरिंगला गिअर, पुढे सलग सीट, आणि नंबर एमएच लिहायच्या आधीचा, तीन अक्षरं आणि चार आकडे. मागच्या रविवारी बघायला गेले होते. डॉक्टरांनी चोक ओढून स्टार्टर मारला, दुसऱ्यांदा मारल्यावर चालू झाली आणि हळूहळू आवाज असा एकसारखा लागला की मी नुसती उभी राहून ऐकत होते. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही आहे, पहिल्या दिवसापासून किती पेट्रोल भरलं, किती किलोमीटरला, कुठलं काम केलं, सगळं त्यांच्या अक्षरात. किंमत १ लाख ४० म्हणतायत.

दुसरी गाडी ऑफिसमधल्या एका दादांची २०१४ ची वॅगनआर, २ लाख ६०, सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण आहे. चांगलीच आहे, पण तिच्यात बसल्यावर मला काहीच झालं नाही.

घरचे म्हणतात वॅगनआर. मला पद्मिनी सोडवत नाहीये. पद्मिनी रोज चालवणं खरंच जमण्यासारखं आहे का? ज्यांनी चालवलीय त्यांनी प्लीज सांगा, वाईट असेल तर वाईट सांगा.

मोशी_टोलनाका

वॅगनआर. मी रोज त्याच रस्त्याला असतो. संध्याकाळी तळेगाव चौकात कंटेनरच्या मागे अडकलं की अर्धा तास कुठेच गेला नाही. त्या रस्त्यावर जुनी गाडी काढू नकोस ताई.

पंचगंगा_घाट

ताई, माझ्याकडे १९७८ ची पद्मिनी आहे, अकरा वर्षं झाली घेऊन, कोल्हापुरात. त्यामुळे वेळ काढून लिहितोय, लांबलं तर वाचून घे.

आधी गाडीबद्दल. ही मुळात फियाट ११००, इटलीची. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनायची, पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकात पडलं. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर, साधं इंजिन, कुठलाही जुना मेस्त्री डोळे झाकून खोलतो. लोक इंजिनाला घाबरतात, पण इंजिन ही यातली सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे. काळजी आहे ती पत्र्याची. या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस नसते, बॉडी हीच चेसिस. म्हणजे खालचा पत्रा आणि दाराखालची पट्टी सडली तर नुसता रंग गेला असं नसतं, गाडीचा कणाच गेला. वरून चकाचक पेंट मारून आत पुट्टी भरलेल्या गाड्या मी ढिगाने बघितल्यात. म्हणून बघायला जाताना एक लोहचुंबक आणि एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जा. चुंबक दाराच्या खालच्या कडेला, चाकाच्या कमानीला, डिकीच्या तळाला लाव, जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. मग पायाखालचं रबरी मॅटिंग उचल, मालक नको म्हणाले तरी उचल. त्याच्या खाली पाणी मुरतं, कोणी बघत नाही, आणि सगळं तिथेच असतं.

दुसरं म्हणजे ट्रॅफिक. हिचा रेडिएटरचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी उभी, इंजिन आयडलला, म्हणजे पंखा पण हळू, आणि नेमकी तेव्हाच हवा जास्त लागते. चाळीस-पन्नासच्या स्पीडला दिवसभर चालवलीस तरी काटा मध्यावरून हलणार नाही, पण जाममध्ये वीस मिनिटांत वर चढतो. उन्हाळ्यात अजून एक, पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो, तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद. खंबाटकी चढताना मी दोनदा थांबलोय. पंपावर ओलं फडकं टाकायचं, पंधरा मिनिटं सावलीत उभं राहायचं, मग चालू होते. मला त्याचं काही वाटत नाही कारण तेव्हा मी फिरायला निघालेलो असतो. तुला पंचिंग करायचं असतं, हा फरक आहे.

तिसरं पेट्रोल. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं मिळतं, आणि १९८७ चे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधले वायसर त्यासाठी केलेलेच नव्हते, फुगतात आणि मऊ पडतात. मी सगळे पाइप बदलून इथेनॉल चालणारे टाकलेत, खर्च फार नाही पण करायलाच लागतं, कारण गरम इंजिनावर पेट्रोल गळणं हा साधा प्रकार नाही. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीत गंज आणि तो कचरा जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकांत.

कागदपत्रं. १९८७ ची म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षं २००२ ला संपली, तिथून दर पाच वर्षांनी पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण), म्हणजे पुढचं २०२७ ला असेल. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारची नूतनीकरणाची फी दहा हजार झालीय, पर्यावरण कर वेगळा. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावलीय का बघ, एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती लागते. आणि कोणी सांगेल की व्हिंटेजमध्ये नोंदव, तर ते होणार नाही, त्याला गाडी पन्नास वर्षांची लागते, आणि तशी नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच रस्त्यावर काढता येते.

माझं मत सांगतो. पद्मिनी घे, पण रोजची म्हणून घेऊ नकोस. मी पहिली दोन वर्षं रोज चालवली, गाडीच्या किमतीइतकाच पैसा वर घातला आणि शेवटी शेवटी सकाळी तिच्याकडे बघितलं की पोटात गोळा यायचा, आज काय निघतंय म्हणून. दुसरी गाडी घेतल्यावर ही परत आवडायला लागली.

जावळी_ते_ताडदेव

वरच्या दादांचं पटतंय पण एक बाजू राहिली म्हणून लिहितो. माझ्या वडिलांनी मुंबईत २६ वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली. रोज, दोन पाळ्यांत, पावसात, साचलेल्या पाण्यातून. त्यामुळे ही गाडी रोज चालत नाही असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं. ती रोज चालण्यासाठीच होती. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदवली होती, वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली, त्या आठवड्यात वडील फार कमी बोलत होते.

पण ती चालायची कशी ते पण सांगतो. वडिलांच्या सीटखाली एका डब्यात पॉइंट (प्लगच्या ठिणगीसाठी उघडझाप करणारा छोटा स्विच), कंडेन्सर, दोन प्लग, पंख्याचा पट्टा आणि पॉलिश पेपरचा तुकडा कायम असायचा. गाडी मिसिंग करायला, म्हणजे अडखळायला लागली की ते बाजूला घेऊन डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचे, पॉइंटवर पेपर मारायचे, फटीत ब्लेड घालून गॅप बघायचे आणि पाच मिनिटांत निघायचे, पॅसेंजर उतरायचाही नाही. आणि जे त्यांना जमायचं नाही त्यासाठी प्रत्येक नाक्यावर फियाटचा मेस्त्री होता. आता तो मेस्त्री राहिला नाही. सुट्टे भाग अजून मिळतात, पुण्यात नाना पेठेत विचारून बघ, मुंबईत ऑपेरा हाऊसला, पण चाकणच्या रस्त्यावर रात्री साडेबाराला पॉइंट साफ करायला तूच आहेस. ते शिकायची तयारी असेल तर शीक, अवघड अजिबात नाही, मी बारा वर्षांचा असताना शिकलो. पण आधी शीक आणि मग त्या वेळेला ती गाडी रस्त्यावर काढ.

अजून एक, पावसाळ्यातलं. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पाण्यातून गेलं की लायनर (ड्रमला घासणारे ब्रेकचे पट्टे) ओले होतात आणि पुढचे एक-दोन ब्रेक लागतच नाहीत. वडील पाण्यातून बाहेर आले की डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून थोडं अंतर जायचे, लायनर गरम होऊन सुकेपर्यंत. हे आताच्या गाडीवर शिकलेल्या माणसाला माहीत नसतं.

सिंहगडरोड_आई

मी गाड्यांमधली जाणकार नाही, पण मुलगी तुझ्याच वयाची आहे म्हणून राहवत नाही. रात्री बारानंतर त्या रस्त्यावर कंटेनर आणि ट्रक कसे येतात तुला माहितीये. तुझ्या पद्मिनीला एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टिम) नाही, एअरबॅग नाही, सीटला मागे डोक्याचा आधार नाही, मागून कोणी ठोकलं तर मानेला काय होईल विचार कर. आणि घरचे वॅगनआर म्हणतायत ते पण आधी नीट बघा, २०१४ च्या बऱ्याच व्हेरियंटना एबीएस आणि एअरबॅग नव्हत्याच, जास्तीच्या व्हेरियंटला होत्या. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्यानंतरची छोटी गाडी बघ, ऑल्टो का असेना. आम्ही मुलीसाठी तेच केलं. तुझं वय आवडीच्या गाडीचं आहे हे मला कळतं गं, पण रात्रीच्या वेळेला नको.

कृष्णाकाठ

सगळ्यांना मनापासून थँक्यू, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. अपडेट देते.

काल कराडच्या आमच्या मेस्त्रीकाकांना घेऊन परत इस्लामपूरला गेले. चुंबक नेला होता. दारांना, कमानीला सगळीकडे धरला, मी खुश. मग मॅटिंग उचललं. ड्रायव्हरच्या बाजूला ठीक होतं, डावीकडे पुढच्या पायाखाली पत्र्याचा रंग बदललेला होता, काकांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि थोडा दाबला तर तो सरळ आत गेला, खालून उजेड दिसला. साधारण तळहाताएवढा भाग. डॉक्टर बाजूलाच उभे होते, त्यांना खरंच माहीत नव्हतं, चेहरा एकदम उतरला, मलाच कसंतरी झालं. ते म्हणाले काचेच्या रबरातून पाणी येत असणार, दोन पावसाळे झाले गाडी पोर्चच्या बाहेर आहे.

मग वही काढून बघितली. व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक दाबणारे) आणि ब्रेकचे पाइप शेवटचे २०११ ला बदललेत. २०१९ नंतर फक्त बॅटरी आणि हवा एवढंच लिहिलंय. चालवून बघितली, गावातच, दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना मला तीनदा चुकला, पण एकदा बरोबर बसला तेव्हा काय वाटलं ते लिहिता येणार नाही. ब्रेक मात्र पहिल्या दाबात अर्धा खाली जातो, दोनदा पंप केल्यावर धरतो. त्या एका गोष्टीने ठरलं.

वॅगनआरचं पण काकूंनी सांगितल्यावर बघितलं, एबीएस नाहीये. आता २०१९ ची एक ऑल्टो बघितलीय, एबीएस आहे, ड्रायव्हरची एअरबॅग आहे, २ लाख ८० म्हणतायत, शनिवारी मेस्त्रीकाकांच्या ओळखीचा माणूस बघून देणार आहे. घ्यायची ठरली तर माझ्याकडे फार काही उरत नाही.

डॉक्टर म्हणाले तू घेणार असशील तर मी दुसऱ्या कुणाला दाखवत नाही, पुढच्या दिवाळीपर्यंत थांबतो, आणि तळाचं वेल्डिंग किंमतीतून वजा करू. मी त्यांना सांगितलं आधी गाडी पोर्चमध्ये घ्या. काल येतानाच तिथल्या पोरांना बोलावून ढकलून आत लावली आणि डाव्या बाजूचं मॅटिंग काढून उन्हात टाकलं.

पंचगंगा_घाट

बरं केलंस. तळहाताएवढा भाग म्हणजे काही गाडी संपली नाही, पण तो तुकडा नुसता वरून ठिगळ लावून बंद करू देऊ नकोस. सडलेला भाग पूर्ण कापून, चांगला पत्रा लागेपर्यंत मागे जाऊन मग नवीन जोडायचा, खालून गंज थांबवणारा रंग, आणि त्याच्या आधी काचेचं रबर, नाहीतर दोन वर्षांनी परत तेच. डॉक्टरांना सांग महिन्यातून दोनदा चालू करून वीस मिनिटं ठेवा, नुसतं चालू करून लगेच बंद करू नका, आणि टाकीत जुनं पेट्रोल असेल तर काढून टाका. आमच्या उद्यमनगरात एकजण फियाटचा तळ फार सुंदर करतो, माझ्या गाडीचा त्यानेच केलाय, सात वर्षं झाली.

कृष्णाकाठ

दादा, त्यांचा नंबर मला मेसेज करा ना. आणि इस्लामपूरवरून कोल्हापूरला गाडी चालवत आणायची नाही, टेम्पोत घालून आणायची, बरोबर ना? ब्रेक आधी इस्लामपूरलाच करून घेऊ का तुमच्याकडेच एकदम करू?

पंचगंगा_घाट

टेम्पोत. ब्रेक इथेच करू, मी थांबतो बरोबर. मेसेज केलाय.