सल्ला हवा: फ्रायबुर्गमध्ये ओ-पेअरसाठी जुनी सायकल, बजेट १०० युरो

पायघोळ:
नमस्कार मंडळी. वय २२, तीन आठवड्यांपूर्वी जर्मनीत फ्रायबुर्गला ओ-पेअर म्हणून (होस्ट कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायला) आले आहे. घरापासून भाषेचा क्लास ५ किमीवर. सध्या ट्रॅमने जाते, पण महिन्याच्या २८० युरो पॉकेटमनीतून डॉइचलांडटिकिटाचे (ट्रॅम-बसच्या मासिक पासाचे) ६३ गेले की काय उरतं ते तुम्हीच बघा. म्हणून जुनी सायकल. बजेट १०० युरो, कुलूप धरून.
होस्ट आई म्हणते माझीच घेऊन जात जा. ती पाच फूट दहा, मी जेमतेम पाच. सीट पार खाली केली तरी पाय टेकत नाहीत, परवा सिग्नलला चक्क खांबाला मिठी मारून उभी होते. शिवाय दर वेळी "नेऊ का?" विचारायचं जिवावर येतं. कुठे शोधू, काय बघून घेऊ?

धडपड्या:
१०० युरोत सायकल येत नाही, भंगार येतं. मी ई-बाइक घेतली, २,४०० ला. चढ कळतसुद्धा नाही. डोळे मिटून घे.

पायघोळ:
दादा, तो माझा साडेआठ महिन्यांचा पॉकेटमनी आहे.

जुनीजाणती:
क्लाइनअनत्साइगेनवर (जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची साइट) बघ. आधी पैसे पाठवायचे नाहीत, सायकल चालवून बघायची, मगच रोख द्यायचे. खरेदीची पावती माग आणि फ्रेमवर कोरलेला नंबर तिच्याशी जुळतो का बघ. मी हे केलं नव्हतं. स्टेशनजवळ एकाकडून ६० युरोत घेतली, "लकी" म्हणून मिरवलीसुद्धा. दोन महिन्यांनी पोलिसांनी अडवलं. नंबर कानशीने घासलेला. सायकल गेली, ६० गेले, आणि पोलिसांपुढे माझं बी-१ चं (मधल्या पातळीचं) जर्मन कुठे पळालं ते आजतागायत सापडलेलं नाही.
बऱ्याच शहरांत फुंडब्यूरो (हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस) बेवारस सायकलींचा लिलाव करतं, तिथे निदान चोरीची भीती नसते.

खडूस_काका:
लाइट, घंटा, रिफ्लेक्टर आणि एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक. हे नसेल तर हात लावू नका. लाइट बंद २० युरो, हातात फोन ५५, लाल सिग्नल तोडला तर ६०. तिन्ही दंड स्वतः भरलेले आहेत, म्हणून पाठ आहेत.

रानवाट:
+१, पावती मागच. आणि नंबर बघ.

भाजीत_मीठ:
मूळ मुद्दा कोणीच विचारला नाही. या सायकलवरून पोरांना किटात (पाळणाघरात) सोडायचं आहे का? असेल तर ते काम आहे आणि सायकल कुटुंबाने द्यायची. ओ-पेअरच्या आठवड्याच्या ३० तासांच्या मर्यादेतही ते मोजलं गेलं पाहिजे. मला सहा महिने कळलं नव्हतं. "जाताजाता जरा सोडून ये", "येताना जरा ब्रेड आण", या "जरा"चा हिशेब वहीत लिहायला लागले तर आठवडा ३७ तासांचा निघाला. वही गुपचूप फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली. चौथ्या दिवशी होस्ट बाबा स्वतःहून बोलायला आला.

धडपड्या:
असं घड्याळ लावून बसलात तर घरच्यासारखं कसं राहणार? माझे होस्ट मला अजून ख्रिसमसला बोलावतात.

भाजीत_मीठ:
मलाही बोलावतात. वहीसकट.

खडूस_काका:
सायकलवर बोला.

उंबरा:
एक सांगते, र्‍युकट्रिट ब्रेकवाली घेऊ नकोस. म्हणजे पेडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. आपल्याला मोकळं उलटं पेडल मारायची सवय असते. मी उतारावर नुसता पाय सैल करायला गेले आणि गपकन थांबले. मागून आजोबा येत होते, ते बेशलेत. (रस्त्याकडेचे ते पाण्याचे छोटे पाट, पायघोळने पाहिले असतीलच.) आजोबा ठीक होते, पण माझं हँडल पार्क केलेल्या गाडीला लांबलचक घासलं. हाफ्टफ्लिश्ट (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा) विमा होता म्हणून वाचले. कुटुंबाने आजारपणाचा, अपघाताचा विमा काढलेला असतो. दुसऱ्याच्या नुकसानीचा त्यात आहे का, हे आजच विचार. सायकल नंतर बघ.
अवांतर: बेशलेत पाय पडला की फ्रायबुर्गच्याच माणसाशी लग्न होतं म्हणतात. माझा तीनदा पडलाय. अजून काही नाही.

रानवाट:
आजोबांचं बघा की.

जुनीजाणती:
उंबराशी सहमत, र्‍युकट्रिट नकोच. आणि कुलूप स्वस्तातलं घेऊ नकोस, ती बारीक वायरची कुलपं पक्कडने तुटतात.

पायघोळ:
सगळ्यांचे आभार. विम्याचं विचारलं, आहे. वहीसुद्धा आणली आहे, फ्रिजवर लावायची हिंमत अजून नाही.
सायकलचं मात्र वेगळंच झालं. रिकाम्या बाटल्या ठेवायला केलरमध्ये (तळघरात) गेले तर कोपऱ्यात जुन्या चादरीखाली एक हिरवी सायकल. ओमाची, म्हणजे मुलांच्या आजीची. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिने चालवलेली नाही. तीन गियर, पुढे वेताची टोपली, एका बाजूने उसवलेली. बसले तर दोन्ही पाय सपाट जमिनीवर! ओमाला फोन केला, तिला एवढंच हवं होतं की टोपली कोणी काढू नये.
उंबराताई, होय, र्‍युकट्रिटच आहे. रविवारी दुकानं बंद म्हणून सुपरमार्केटचं पार्किंग रिकामं होतं, तिथे दोन तास सराव केला. सहा वर्षांचा थोरला मधोमध उभा राहून "हाल्ट!" ओरडायचा आणि मी थांबायचे. सुरुवातीला त्याच्या बऱ्याच पुढे जाऊन. शेवटी शेवटी त्याच्या बुटांच्या अलीकडे. हे दोन तास वहीत लिहायचे का, ते भाजीत_मीठ सांगतीलच.
मागचा लाइट आणि जाड कुलूप मिळून ४६ युरो गेले.

भाजीत_मीठ:
लिही.

जुनीजाणती:
सगळ्यांनी नको म्हटलेलंच घेतलंस! बरं, ओमाच्या फ्रेमवरचा नंबर तरी लिहून ठेव.

धडपड्या:
ई-बाइक कोणाला हवी असेल तर सांगा, १,९०० ला देतो.