आचके देणाऱ्या हार्ड डिस्कचा क्लोन: तुमची पद्धत लिहा

निळीवायर
आज दुरुस्तीला आलेल्या एका डिस्कचा तो ओळखीचा टक... टक... घर्रर्र आवाज कानावर पडला आणि आयडीईची चपटी पट्टी, मास्टर-स्लेव्हचे जंपर, सगळा जुना काळ डोळ्यांपुढे आला. पहिला नियम तेव्हाही हाच होता: आजारी डिस्कवर काहीही लिहायचं नाही. अशा डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढण्यात ज्यांचा हात बसलाय त्यांनी आपापली पद्धत इथे टाका. सुरुवात मी करतो.

आधी स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे आकडे. ५, १९७ आणि १९८ हे तीन बघा. १९७ म्हणजे वाचता न येणारे, निकाल लागायचे बाकी असलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). हा आकडा वाढत असेल तर त्याच दिवशी कामाला लागा. फक्त १९९ वाढत असेल तर डिस्क ठणठणीत असू शकते, साटा केबल बदलून बघा.

विंडोज चालू ठेवून क्लोन काढू नका. ते आपणहून डिस्क वाचत राहतं, दुरुस्त करायला जातं. सिस्टमरेस्क्यू या लिनक्सचा पेन ड्राइव्ह करून त्यावरून मशीन चालू करा. ते स्वतःहून पार्टिशन माउंट करत नाही, म्हणजे वापरायला उघडत नाही. मग एलएसबीएलके कमांडने आकार, मॉडेल, सिरीयल नंबर काढून डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून बघा. डीडीरेस्क्यू या क्लोन काढणाऱ्या प्रोग्रामच्या कमांडमध्ये आधी जुनी डिस्क, मग नवी, शेवटी मॅप फाइल (कुठवर वाचून झालं त्याची नोंद). पहिल्या दोघींची अदलाबदल झाली की कोरी डिस्क डेटावर चढते. तिथून परत येणं नाही.

पहिली फेरी छोटा एफ आणि छोटा एन (-f -n) देऊन. एफ लागतोच, कारण आपण फाइलवर नाही तर थेट डिस्कवर लिहितोय. एन म्हणजे जे सहज निघतंय ते आधी काढ, खराब जागा खरवडत बसू नकोस. दुसऱ्या फेरीत एन काढायचा, छोटा डी आणि आर ३ (-d -r3: थेट डिस्कवरून, तीनदा प्रयत्न) द्यायचा. उरलेले खड्डे तेव्हा. मरायला टेकलेली डिस्क किती तास चालेल सांगता येत नाही, म्हणून सोपं आधी.

खटका
मॅप फाइल कुठे ठेवता ते लिहा ना दादा! लाइव्ह पेन ड्राइव्हवरून चालवताना ती होम फोल्डरमध्ये ठेवली तर असते रॅममध्ये. लाईट गेली की मॅपही गेला आणि कुठपर्यंत आलो होतो ते डीडीरेस्क्यूला कळत नाही. पुन्हा पहिल्यापासून, तेही मरणाऱ्या डिस्कवर. तिसरा पेन ड्राइव्ह लावून मॅप त्यावर. मॅप असेल तर तीच कमांड परत द्या, राहिलेल्या जागेपासून सुरू.

यूपीएस हवाच. १ टीबीला सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने पावणेतीन तास लागतात. जुन्या यूएसबी २ पोर्टवर ३० एमबीच मिळतात, म्हणजे सव्वानऊ तास. तेवढ्यात लाईट दोनदा जाईल.

निळीवायर
बरोबर, ते राहिलंच. धन्यवाद.

ओलीमाती
नवी डिस्क घेताना ५०० च्या जागी ४८० ची एसएसडी घेऊ नका. दिसायला जवळपास सारखी, पण ५०० ची हार्ड डिस्क म्हणजे ९७,६७,७३,१६८ सेक्टर, ते ४८० मध्ये मावत नाहीत. सेक्टर-टू-सेक्टर क्लोनला नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी लागते, आत डेटा ६० जीबीच असला तरी.

भाजी फोडणीला टाकलीय, बाकीचं नंतर.

माजघर
उबुंटूवर पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, कमांड मात्र डीडीरेस्क्यू. मध्ये अंडरस्कोर असलेलं डीडी_रेस्क्यू हे दुसरंच सॉफ्टवेअर आहे. नेटवरून त्याचे ऑप्शन उचलून इथे देऊ नका.

आणि क्लोनझिला हे क्लोन काढायचं दुसरं सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण धडधाकट डिस्कसाठी. खराब सेक्टर आला की थांबतं. रेस्क्यूचा पर्याय दिला तर पुढे जातं, पण डीडीरेस्क्यूसारखं सोपं आधी, अवघड नंतर असं करत नाही.

पाचवामजला
एक विचारू का? डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायची म्हणतात, ते करावं का? वडिलांच्या दुकानाची टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आहे त्यात.

खटका
अजिबात नको! बाहेर काढल्यावर आत दव धरतं, आणि आत्ता पावसाळी हवेत तर नक्कीच. वाचणारं हेड प्लॅटरपासून (आतल्या फिरत्या चकतीपासून) केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी जवळ तरंगत असतं, त्या फटीत पाण्याचा थेंब म्हणजे संपलंच. गार ठेवायचीच असेल तर टेबलावर आडवी ठेवून समोर छोटा पंखा. तापमान स्मार्टमध्ये दिसतं, पन्नाशीच्या वर गेलं तर कंट्रोल-सी करून थांबा, निवू द्या. मॅप आहेच.

आवाज कसा येतोय? लयीत टक टक येऊन डिस्क दिसतच नसेल तर बहुधा हेड गेलंय. मग वीज बंद. प्रत्येक वेळी चालू केलं की प्लॅटरवर ओरखडे पडू शकतात. अशी डिस्क धूळविरहित खोली असलेल्या रिकव्हरीवाल्याकडेच द्यायची, घरी स्क्रू उघडायचे नाहीत.

पाचवामजला
आवाज नाहीये, फक्त फार हळू झालीय. १९७ समोर ४८ दिसतंय.

निळीवायर
मग वेळ आहे अजून, धीर धरा. ४८ म्हणजे बहुधा ६ खऱ्या जागा. आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा, बाहेर ५१२ चे आठ दाखवतो, म्हणून हा आकडा ८ च्या पटीत वाढतो. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये कंपनीचं फोल्डर आकड्यांच्या नावाचं असतं. डिस्क उघडतेय तोवर तेवढं फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर घ्या, मग पूर्ण क्लोन.

पाचवामजला
मिळालं फोल्डर!! लाख धन्यवाद.

ओलीमाती
आले. दुसऱ्या फेरीत स्क्रीनवर "शेवटचं यशस्वी वाचन किती वेळापूर्वी" अशा अर्थाची ओळ असते, तिच्यावर नजर ठेवा. मिनिटामागून मिनिटं जाताहेत आणि वेग शून्यावर, तर डिस्क एका जागी अडकलीय. थांबवा, तोच मॅप घेऊन मोठा आर (-R) द्या, म्हणजे शेवटाकडून उलटं वाचते. खड्ड्याच्या पलीकडची चांगली जागा अशी पुष्कळदा निघते.

नवी डिस्क आधी वापरलेली असेल तर शून्यं भरून घ्या. डीडीरेस्क्यू न वाचलेल्या जागी काहीच लिहीत नाही, तिथे जुनं पडलेलं तसंच राहतं. मग फोटोच्या मधोमध दुसऱ्याच फाइलचा तुकडा.

कोणत्या फाइली बाद झाल्या ते काढायला डीडीरेस्क्यूचा फिल मोड. छोट्या फाइलमध्ये एखादा विचित्र शब्द लिहा, ती मूळ म्हणून द्या, फिल मोडला उणे चिन्ह (--fill-mode=-), मॅप तोच. मॅपमध्ये उणे खूण असलेल्या जागांवर तो शब्द भरला जातो. मग ग्रेप कमांडने तो शब्द शोधा, फाइलींची यादी हातात. हे क्लोनच्याही दुसऱ्या प्रतीवर करा.

माजघर
फिल मोडचं इतकं नीट कुणी लिहिलेलं वाचलं नव्हतं ताई.

क्लोननंतरचं थोडं. चेकडिस्क (विंडोजची तपासणी-दुरुस्ती) नव्या डिस्कवरच. दोन्ही डिस्क जोडून विंडोज सुरू करू नका, दोघींची सही (डिस्क सिग्नेचर, ओळखखूण) एकच असते, एक ऑफलाइन जाते. जुनी काढून बाजूला. नवी मोठी असेल तर जीपीटीची (पार्टिशनच्या यादीची) शेवटची प्रत डिस्कच्या मध्येच राहते, एसजीडिस्क कमांडला छोटा ई (-e) दिला की टोकाला जाते. सी ड्राइव्ह वाढत नसेल तर लगेच पुढे रिकव्हरी पार्टिशन अडवून बसलेलं असतं, ते जीपार्टेड प्रोग्रामने सरकवा.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर क्लोनही कुलूपबंदच येतो. ४८ आकडी रिकव्हरी की आधी हातात घ्या. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर ते आपोआप चालू असतं, लोकांना माहीतच नसतं. की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

तांबडाबल्ब
डिस्क बाहेरच्या केसमधून (डबीतून) यूएसबीने जोडत असाल तर जपून. काही पोर्टेबल डिस्कच्या केसमधला सर्किट बोर्ड डेटा एन्क्रिप्ट करतो. डिस्क काढून थेट साटाला लावली की सगळा कचरा दिसतो. अशी डिस्क त्याच बोर्डमधून वाचा. स्मार्ट दिसत नसेल तर स्मार्टसीटीएल कमांडला डी देऊन साट लिहा (-d sat).

कुणाकडे लॅपटॉपच्या डीव्हीडीच्या जागी डिस्क बसवायची चौकट, म्हणजे कॅडी, आहे का? ९.५ मिमीचा हवाय, बाजारात सगळीकडे १२.७ चाच दाखवतात.

ओलीमाती
आधी लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह काढून मोजा हो. ९.५ वाल्यात १२.७ चा बसत नाही, उलटं मात्र पुढची पट्टी बदलून जमतं. आणि ७ मिमीची एसएसडी ९.५ च्या खणात हलत असेल तर अडीच मिमीची प्लास्टिकची चौकट येते, तीही मागून घ्या.

तांबडाबल्ब
मोजला, ९.५ च आहे. उद्या बाजारात चक्कर मारतो.