मदत हवी आहे : आईचा एमआरआय झाला, आता पेट स्कॅनही करावा का?

आईचं वय ७४. एकच गोष्ट परत परत विचारते, गॅस बंद करायचा राहून जातो, परवा तर माझ्या मुलीला दिवसभर माझ्याच नावाने हाक मारत होती. एमआरआयमध्ये गाठ, रक्तस्राव, पाणी साचणं यातलं काही निघालं नाही. बी १२ आणि थायरॉइडही ठीक. पण हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग) दोन्ही बाजूंनी आकसलाय असं रिपोर्टमध्ये लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, अल्झायमरची शक्यता वाटते, मात्र नुसत्या स्कॅनवरून निदान करत नाहीत. स्मृतीच्या चाचण्या आणि घरच्यांनी सांगितलेलं तितकंच महत्त्वाचं.

आता पेट स्कॅनचे दोन पर्याय सुचवलेत. एफडीजी पेटमध्ये मेंदूचा कुठला भाग ग्लुकोज कमी वापरतोय ते दिसतं, त्यावरून अल्झायमर की फ्रंटोटेम्पोरल (स्मृतिभ्रंशाचा दुसरा प्रकार) हे ओळखायला मदत होते. अमायलॉइड पेटमध्ये अमायलॉइड या, अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या प्रथिनाचा साठा दिसतो, पण तो स्मृती शाबूत असलेल्या वृद्धांमध्येही सापडतो. मग पॉझिटिव्ह आलं तर नेमकं काय समजायचं?

कोणी घरच्यांचा पेट स्कॅन केलाय का? त्यानंतर उपचार खरंच बदलले का? आणि एक, आई मशीनच्या आवाजाने फार घाबरते, मध्येच उठू बघते. अशा वेळी तुम्ही काय केलंत, तेही कृपया सांगा.