मदत हवी आहे: म्युझिक सिस्टिमच्या रॅकला चाकं

तबकडीप्रेमी:
रॅक भिंतीला टेकून आहे. मागची एक वायर बदलायची तरी दोघांनी ओढावा लागतो, टाइल्सवर ओरखडे पडलेत. खाली कुठली चाकं लावू? शनिवारी सुतार येतोय, लवकर सांगा.

रंधा:
वजन किती? रॅक प्लायचा की पार्टिकल बोर्डाचा?

तबकडीप्रेमी:
रॅक ३५ किलो, अँप्लिफायर २२, बाकी किरकोळ. कडेचं लॅमिनेट उखडलंय तिथे भुसा दिसतो.

खर्जातला_सा:
वर टर्नटेबल (तबकडी वाजवायचं यंत्र) असेल तर चाकं नकोत. फिरतं चाक पिनवर डोलतं, ते डोलणं सुईपर्यंत पोचतं. पायांना जाड फेल्ट चिकटवा.

रंधा:
फेल्टमध्ये वाळूचे कण अडकले की तोच टाइल घासतो. आणि फरशी पुसताना गोंद सुटतो.
'किरकोळ'मध्ये एलपी (मोठ्या तबकड्या) आहेत का? कव्हरसकट एक पाव किलोच्या आसपास भरते.

तबकडीप्रेमी:
खालच्या कप्प्यात दोनशे आहेत. वर टर्नटेबल.

सातारकर७:
स्टॅबिलायझर आहे का? अर्थिंग आधी तपासून घ्या.

तबकडीप्रेमी:
अर्थिंग ठीक आहे. चाकांचं सांगा.

रंधा:
म्हणजे ५० किलो एलपीच. सगळं मिळून १२० धरा. चारने भागू नका. फरशी सपाट नसते, एक चाक अधांतरी राहतं. तीनने भागून ४०, वर धक्क्यासाठी सूट, म्हणून प्रत्येकी ६० किलोचं चाक.
भुशाच्या बोर्डात स्क्रू मारू देऊ नका. ओढताना आडवा जोर येतो आणि स्क्रू भुशासकट उपटतो. रॅकच्या तळाएवढी १९ मिमी प्लायची फळी घ्या, प्लेटवाली चाकं तिला आरपार नट-बोल्टने बसवा. बोल्टची डोकी फळीत बुडवायला सांगा, नाहीतर रॅक त्यांच्यावरच टेकेल. चाक गोल फिरताना फळीबाहेर येणार नाही इतपतच आत घ्या. फार आत गेलं तर रॅक कलंडेल. चारही फिरती, पुढची दोन ब्रेकवाली (मागे पाय पोचत नाही). पीयूची (पॉलियुरेथेनची) घ्या. काळ्या रबराचे डाग फिक्या टाइलवरून जात नाहीत.

खर्जातला_सा:
टर्नटेबलचं काय? ते भिंतीवर ब्रॅकेटच्या फळीवर न्या, मग रॅकला हवी ती चाकं लावा.

रंधा:
हे पटलं. नाही जमलं तर रॅक हलवण्याआधी टोनआर्म (सुईचा दांडा) अडकवा, सुईवर टोपी घाला. वायरींना ७०-८० सेंमी ढील ठेवा, नाहीतर अँपचं सॉकेटच उपटून येईल.

तबकडीप्रेमी:
उंची किती वाढेल? टर्नटेबलचं झाकण उघडल्यावर वरच्या कपाटापर्यंत ११ सेंमीच उरतात.

रंधा:
हे आधी सांगायचं! ७५ मिमीचं चाक फळीसह १२ सेंमीच्या घरात जातं, बसणार नाही. ५० मिमीचं घ्या, साधारण ९ होतील. दुकानात प्लेटपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा आणि ६० किलोचा आकडा बघूनच घ्या. एवढं लहान चाक उंबऱ्यावर अडतं, तेव्हा दुसऱ्या खोलीत न्यायचा असेल तर आधी एलपी काढा.