काउंटरमागची खोली

वर कुणीतरी लिहिलंय की परदेशात हॉटेलं काढणाऱ्या आपल्या बायका म्हणजे नुसत्या सहीपुरत्या मालकिणी. अहो, जरा थांबा.

माझी मामेबहीण आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारातली. लग्न होऊन अमेरिकेला गेली, दोघांनी कर्ज काढून हायवेवरचं एक पडीक मोटेल घेतलं. राहायचं काउंटरमागच्या खोलीत. रात्री दोनला घंटा वाजली की उठायचं, सकाळी चादरी बदलायच्या. फोडणीचा वास लॉबीत जाऊ नये म्हणून दाराखाली ओला टॉवेल कोंबायची! कर्जासाठी मोटेलच्या धंद्यातल्या गुजराती पटेल मंडळींचा आधार मिळाला, कारण गुजराती अस्खलित. ते बडोद्याचं देणं.

या धंद्यात इमारतीचा भाव विटांपेक्षा उत्पन्नावर ठरतो. खोल्या भरू लागल्या की भाव चढतो, त्यावर नवं कर्ज मिळतं, त्यातून पुढची जागा. हे गणित तिचं. भावोजी नळ दुरुस्त करायचे. आता मोकळी जमीन घेऊन तिनं एका मोठ्या साखळीच्या नावाखाली नवं हॉटेल बांधलंय.

तिच्या आधीच्या पिढीला तर विमाही नाकारत, आणि शेजारचे मोटेलवाले 'अमेरिकन मालकीचं' अशा पाट्या लावत. त्यातूनच १९८९मध्ये 'आहोआ' ही भारतीय हॉटेलमालकांची संघटना उभी राहिली. तिच्या अध्यक्षपदी पहिली बाई, जागृती पानवाला, आल्या थेट २०१९मध्ये. तोवर चादरी कोण बदलत होतं, ते विचारा की!